‘बायबलमध्ये कुठे लिहिलंय?’ : मरियेविषयीच्या श्रद्धा, शास्त्र आणि परंपरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कॅथलिक आहात आणि लग्न ठरलंय प्रोटेस्टंट घरात. माणसं चांगली आहेत, रोज बायबल वाचणारी आहेत, आणि म्हणूनच विचारतात की मरिया आजन्म कुमारी राहिली, ती जन्मपापाविना होती, ती सदेह स्वर्गात गेली, हे बायबलमध्ये कुठे लिहिलंय? स्वर्गोन्नयनाचा सिद्धांत तर १९५० साली जाहीर झाला. मग ते माणसांनी रचलेलंच नाही का? आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घरी रोझरी (मरियेच्या जपमाळेची प्रार्थना) म्हणायची की पाहुण्यांना वाईट वाटेल म्हणून टाळायची?

वसईच्या पट्ट्यात मी तीसेक वर्षं धर्मशिक्षण देतोय, लग्नाआधीच्या शिबिरांतही शिकवतो. हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी घेऊन येतं, बहुतेक वेळा जरा दुखावलेल्या मनाने. म्हणून आधी सरळ उत्तर देतो आणि मग तपशिलात जातो. मरियेविषयी कॅथलिक ख्रिस्तसभेचे चार धर्मसिद्धांत आहेत आणि ते बायबलपासून सारख्या अंतरावर नाहीत. ‘देवमाता’ हा शास्त्रातून जवळजवळ सरळ निघतो. ‘आजन्म कुमारी’ याला शास्त्रात आधार आहे आणि शास्त्रातूनच अडचणीही येतात. ‘निष्कलंक गर्भसंभव’ (मरिया जन्मपापाविना होती) आणि ‘स्वर्गोन्नयन’ (ती सदेह स्वर्गात गेली) हे दोन शब्दशः कुठेच लिहिलेले नाहीत. हे मान्य करायला कॅथलिक माणसाने अजिबात कचरू नये. ‘सगळं बायबलमध्ये आहे’ असं ओढूनताणून सांगायला गेलात, तर सासरच्यांसमोर दुसऱ्याच वाक्याला अडकाल.

हे मी अनुभवाने सांगतोय. शिकवायला लागलो तेव्हा मी प्रत्येक शिकवणीला एकेक वचन जोडून द्यायचो. निष्कलंक गर्भसंभवासाठी माझं ठरलेलं वचन उत्पत्ती ३:१५. देव सापाला म्हणतो की तुझ्यात आणि स्त्रीत मी वैर ठेवीन, आणि पुढे ‘ती तुझं डोकं ठेचील’. आपल्या चर्चमधल्या कितीतरी पुतळ्यांत मरियेच्या पायाखाली साप दिसतो, तो याच वचनावरून. एकदा वर्गात मागच्या बाकावरची एक मुलगी मराठी बायबल उघडून त्या ओळीवर बोट ठेवून उभी राहिली. म्हणाली, “सर, इथे ‘ती’ नाही, ‘तो’ आहे.” घरी जाऊन मी शोधलं, तर तिचं बरोबर होतं. मूळ हिब्रूत तिथे पुल्लिंगी सर्वनाम आहे आणि ते स्त्रीच्या संततीला लागतं. ‘ती’ आली वल्गात या बायबलच्या जुन्या लॅटिन भाषांतरातून. व्हॅटिकनने १९७९ साली जी सुधारित लॅटिन आवृत्ती काढली, तिच्यातही ‘ती’ काढून ‘ते’, म्हणजे ते बीज, असं केलं आहे. पुढच्या रविवारी वर्गात मी हे सगळं सांगितलं. त्या दिवसापासून मी वचनं चिकटवणं सोडलं आणि परंपरा म्हणजे नेमकं काय, ते शिकवायला लागलो.

परंपरा म्हणजे बायबलच्या शेजारी ठेवलेली दुसरी थैली, तिच्यात प्रेषितांनी कानात सांगितलेल्या जादा बातम्या आहेत, असं अनेक कॅथलिकांनाही वाटतं. तसं मानणारे धर्मपंडित होऊन गेले, हे खरं आहे. ट्रेंटच्या धर्मसभेने ८ एप्रिल १५४६ रोजी असं म्हटलं की सत्य हे लिखित ग्रंथांत आणि अलिखित परंपरांत आहे. मसुद्यात ‘काही यात, काही त्यात’ असे शब्द होते. ते काढून धर्मसभेने नुसतं ‘आणि’ ठेवलं. त्या एका ‘आणि’चा अर्थ काय यावर पुढे चारशे वर्षं वाद झाला. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेत १९६२ साली ‘प्रकटीकरणाचे दोन स्रोत’ अशा मांडणीचा मसुदा आला, तेव्हा बहुसंख्य बिशपांनी त्याला विरोध केला आणि तो मागे घ्यावा लागला. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी जो दस्तऐवज मंजूर झाला, त्यात म्हटलं आहे की शास्त्र आणि परंपरा एकाच दैवी झऱ्यातून उगम पावतात. आणि ख्रिस्तसभेचा शिक्षणाधिकार, म्हणजे पोप आणि बिशपांचा शिकवण्याचा अधिकार, हा देवाच्या वचनाच्या वर नाही, तो त्या वचनाचा सेवक आहे. हे वाक्य तुमच्या सासऱ्यांना जरूर वाचून दाखवा. पोप बायबलच्या वर बसलाय अशी त्यांची समजूत असेल, तर त्या समजुतीला आपल्याच महासभेने दिलेलं हे उत्तर आहे.

माझ्या भाषेत सांगायचं तर परंपरा म्हणजे ख्रिस्तसभेने शास्त्र वाचत, त्यावर प्रार्थना करत, सण साजरे करत, वाद घालत जपलेली आठवण आणि समज. आईच्या हातचं कालवण वहीत लिहिलेलं असलं तरी ‘मीठ चवीपुरतं’ म्हणजे किती, हे तिच्या शेजारी उभं राहूनच कळतं. वही खोटी नसते, पण वही कशी वाचायची हे घर शिकवतं. नव्या कराराची २७ पुस्तकं कोणती, ही यादी बायबलमध्ये नाही. ती आज आहे तशी पहिल्यांदा अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेसियस याच्या ३६७ सालच्या पत्रात दिसते. तुमचं सासर ती यादी मानतं, म्हणजे तेवढ्यापुरती परंपरा मानतंच. पौलही थेस्सलनीकाकरांना लिहितो की तोंडी असो वा पत्राने असो, शिकवलेल्या परंपरा धरून राहा.

त्यांचा आक्षेपही समजून घ्या. मार्क ७ मध्ये येशू परुश्यांना सुनावतो की तुम्ही देवाची आज्ञा सोडून माणसांची परंपरा धरता. हा इशारा कॅथलिकांनाही आहे. म्हणून प्रेषितांपासूनची परंपरा आणि चालीरीती यांच्यात फरक करावा लागतो. वांद्र्याला सप्टेंबरात मोत माउलीची, म्हणजे मरियेची, जत्रा भरते. लोक मेणाचे हात, पाय, घरं वाहतात. त्या मेणाच्या पायात कुणाच्या तरी आजारी लेकराची काळजी असते, मला त्याबद्दल आदर आहे. पण तो धर्मसिद्धांत नव्हे. तो सण ज्या ८ सप्टेंबरच्या मरियेच्या जन्मदिवसाभोवती आहे, ती तारीखही शास्त्रातली नाही. तिच्या आईवडिलांची आना आणि जोकीम ही नावंसुद्धा दुसऱ्या शतकातल्या ‘याकोबाचे आद्यशुभवर्तमान’ या बायबलबाह्य पुस्तकातून आली. फातिमा, लूर्द इथली मरियेची दर्शनंसुद्धा श्रद्धेचा सक्तीचा भाग नाहीत. ख्रिस्तसभेने मान्यता दिली तरी ती ‘खासगी प्रकटीकरणं’च राहतात.

आता एकेक सिद्धांत. देवमातेबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे भांडण कमी आहे. एलिझाबेथ मरियेला ‘माझ्या प्रभूची आई’ म्हणते (लूक १:४३). पाचव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्तोरियस म्हणाला की तिला ‘ख्रिस्तमाता’ म्हणा, ‘देवमाता’ नको. ४३१ साली इफिसच्या महासभेने ते नाकारलं, आणि कारण मरियेचा गौरव वाढवणं हे नव्हतं. तिच्या पोटी आलेला कोण, हा प्रश्न होता. येशू एकच व्यक्ती असेल आणि ती व्यक्ती देव असेल, तर त्याची आई देवाची आई. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरनेही हे मानलं. मराठीत मात्र ‘देवमाता’ म्हटलं की शेजारच्या हिंदू मैत्रिणीला देवीची आठवण होते आणि प्रोटेस्टंट माणसाला धडकी भरते. म्हणून शब्द सोडू नका, पण समजावून सांगा: देवत्व तिच्यापासून आलं असा त्याचा अर्थ नाही.

आजन्म कौमार्याचा मुद्दा जास्त गुंतागुंतीचा. मार्क ६:३ मध्ये येशूच्या चार भावांची नावं आहेत: याकोब, योसे, यहूदा, शिमोन, शिवाय बहिणी. मत्तय १:२५ म्हणतो की मुलगा होईपर्यंत योसेफाने तिच्याशी सहवास केला नाही. सासरचे लोक हीच दोन वचनं काढतील. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: ‘पर्यंत’ म्हटलं की नंतर बदल झालाच, असं होत नाही. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात मीखलला मरेपर्यंत मूल झालं नाही असं आहे. मेल्यावर झालं, असा त्याचा अर्थ कोणी घेत नाही. पण या वचनातून आजन्म कौमार्य सिद्धही होत नाही, एवढंच की ते अशक्य ठरत नाही.

भावांचं काय? आपल्या गावात चुलतभावाला कोणी ‘चुलत’ लावून हाक मारत नाही, भाऊच म्हणतात. हिब्रू आणि अरामी बोलणाऱ्यांतही तसंच होतं. लोट हा अब्राहामाचा पुतण्या, पण उत्पत्ती १३:८ मध्ये दोघं ‘भाऊबंद’. यावर तुमचे सासरे म्हणतील की नवा करार ग्रीकमध्ये आहे आणि ग्रीकमध्ये चुलतभावाला वेगळा शब्द आहे. पौलाने कलस्सैकरांच्या पत्रात तो वापरलाय. त्यांचा हा मुद्दा खरोखर वजनदार आहे, तो झटकू नका. त्याच्यासमोर मार्क १५:४० ठेवा. वधस्तंभाकडे दुरून पाहणाऱ्या स्त्रियांत दुसरी एक मरिया आहे, ‘धाकटा याकोब आणि योसे’ यांची आई. चारातली दोन नावं तीच, आई मात्र वेगळी. आणि योहान १९ मध्ये येशू आईला प्रिय शिष्याच्या हाती सोपवतो. चार सख्खे भाऊ घरात असताना थोरला आईला मित्राकडे कशाला ठेवेल? आपल्याकडच्या कुठल्याही घरात हा प्रश्न विचारून बघा.

हे सगळं मिळूनही शास्त्राचा काटा पूर्णपणे एका बाजूला झुकत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. परंपरेतही स्पष्टीकरणं दोन आहेत. पूर्वेकडची ख्रिस्तसभा म्हणते की ती योसेफाच्या आधीच्या लग्नाची मुलं. ३८३ च्या सुमारास, मरियेला पुढे मुलं झाली असं म्हणणाऱ्या हेल्विदियसला उत्तर देताना संत जेरोमने सांगितलं की ती मावस-चुलत भावंडं. स्पष्टीकरणं दोन, पण निष्कर्ष एकच, आणि ५५३ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या महासभेपर्यंत ‘सदाकुमारी’ हा शब्द पूर्व-पश्चिमेत रुळलेला होता. तुमच्या सासरच्यांना एक गोष्ट कदाचित माहीत नसेल: लूथरही हे आयुष्यभर मानत होता.

निष्कलंक गर्भसंभवाबद्दल आधी एक दुरुस्ती, कारण चर्चमध्ये जाणारे अर्धे लोक इथे चुकतात. हा येशूच्या कुमारीपोटी जन्माविषयीचा सिद्धांत नाही. मरिया स्वतः आपल्या आईच्या पोटात आली त्या क्षणापासून जन्मपापापासून राखलेली होती, असं तो म्हणतो. पोप पायस नववे यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी तो जाहीर केला.

इथे शास्त्राचा आधार मुख्यतः लूक १:२८. आपण प्रार्थनेत ‘नमो मरिये, कृपापूर्णे’ म्हणतो. प्रोटेस्टंट घरातलं मराठी बायबल उघडा, तिथे देवदूत म्हणतो, ‘हे कृपा पावलेल्या स्त्रिये’. दोन्ही शब्द शेजारी ठेवून मी वर्गात नेहमी अर्धा तास घालवतो. ‘कृपापूर्णे’ हे लॅटिनवरून आलं. ग्रीक शब्द ‘केखारितोमेने’, म्हणजे जिच्यावर कृपा झालेली आहे आणि ती तशीच टिकून आहे. शब्दाशी जास्त इमान राखतं ते ‘कृपा पावलेली’. हे क्रियापद इफिसकरांच्या पत्रात सगळ्या विश्वासणाऱ्यांसाठीही आलंय. पण देवदूत तो शब्द मरियेच्या नावाच्या जागी वापरतो, जणू तेच तिचं नाव, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. हा शब्द सिद्धांताकडे बोट दाखवतो, पण तेवढ्यावर सिद्धांत उभा राहत नाही.

परंपराही इथे एकमुखी नव्हती, आणि मला हा इतिहास फार मोलाचा वाटतो. मरियेवर अतोनात प्रेम करणाऱ्या संत बर्नार्डने बाराव्या शतकात लिऑनच्या धर्मगुरूंना पत्र लिहून मरियेच्या गर्भसंभवाच्या सणाला हरकत घेतली. संत थॉमस अक्वायनसनेही हा विचार नाकारला. त्याची अडचण अशी की मरियेला पाप कधी शिवलंच नसेल, तर तिला तारणाऱ्याची गरज काय? मग ख्रिस्त सगळ्यांचा तारणारा कसा? पौल तर म्हणतो, सर्वांनी पाप केलं आहे. आणि मरिया स्वतः ‘देव जो माझा तारणारा’ असं गाते. हाच आक्षेप आज तुमचे सासरे घेतायत, आणि ते थॉमसच्या पंगतीला बसलेत हे त्यांना आदराने सांगा. यातून वाट काढली ती डन्स स्कोटस या फ्रान्सिस्कन पंडिताने, जो १३०८ साली वारला. त्याचं म्हणणं: पापात पडलेल्याला बाहेर काढणं हे तारण, तसंच पडण्याआधी राखणं हेही तारणच, उलट जास्त पूर्ण. मरियेलाही ख्रिस्तानेच तारलं, त्याच्या मरणाचं पुण्य तिला आधी लागू झालं. १८५४ च्या व्याख्येत ‘मानवजातीचा तारणारा येशू ख्रिस्त याच्या पुण्याईकडे पाहून’ हे शब्द आहेत, ते यामुळे. मधल्या काळात वाद इतका पेटला होता की पंधराव्या शतकात पोप सिक्स्तुस चौथे यांना दोन्ही बाजूंना एकमेकांना पाखंडी म्हणायला मनाई करावी लागली. एका दिवसात कोणी शोध लावला, असं हे प्रकरण नाही. शेकडो वर्षं घासून, आक्षेप पचवून हे वाक्य तयार झालंय.

स्वर्गोन्नयनाबाबत मी सगळ्यात जास्त सावधपणे बोलतो. बायबलमध्ये मरियेचं नाव शेवटचं येतं ते प्रेषितांची कृत्ये १:१४ मध्ये, शिष्यांबरोबर प्रार्थना करताना. पुढे एक अक्षर नाही. आणि परंपरेतही सुरुवातीला शांतताच आहे. सायप्रसमधल्या सालामिसचा बिशप एपिफानियस मूळचा पॅलेस्टाईनचा. तो ३७७ च्या सुमारास लिहितो की शास्त्र धुंडाळलं तरी ती मेली का, पुरली गेली का, हे सापडत नाही, आणि तिचा शेवट कोणालाच ठाऊक नाही. जेरुसलेमच्या आसपास वाढलेल्या माणसालाही पक्की कथा माहीत नव्हती. त्यानंतर पसरलेल्या तिच्या ‘प्रयाणा’च्या गोष्टी ख्रिस्तसभेने शास्त्रात घेतल्या नाहीत. सण मात्र आधी जेरुसलेमात आणि मग सम्राट मॉरिसच्या काळात, सहाव्या शतकाच्या अखेरीस, पूर्वेच्या साऱ्या साम्राज्यात १५ ऑगस्टला पाळला जाऊ लागला. आपल्याकडे तो स्वातंत्र्यदिनाबरोबरच येतो. आणखी एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. ज्या काळात संतांच्या हाडांसाठी शहरं एकमेकांशी झगडत होती, त्या काळात मरियेची हाडं आमच्याकडे आहेत असा दावा एकाही शहराने केला नाही. याला मी पुरावा म्हणणार नाही, पण ही शांतता एपिफानियसच्या शांततेशेजारी ठेवायला हवी.

मग १९५० च्या १ नोव्हेंबरला पोप पायस बाराव्यांनी कशाच्या जोरावर सिद्धांत जाहीर केला? नवा साक्षीदार सापडला म्हणून नव्हे. मुळाशी दुसऱ्या शतकातला एक विचार आहे: मरिया ही नवी हव्वा. इरेनियस १८० च्या सुमारास लिहितो की हव्वेच्या आज्ञाभंगाने बसलेली गाठ मरियेच्या आज्ञापालनाने सुटली. ख्रिस्त नवा आदाम असेल, मरण हे पापाचं वेतन असेल, आणि ख्रिस्ताच्या सगळ्यांना शरीरासह पुनरुत्थान मिळणार असेल, तर जी सुरुवातीपासून त्याच्याशी जोडलेली होती तिला ते आधी मिळालं, असा हा निष्कर्ष आहे. १९४६ साली पोपने जगभरच्या बिशपांना विचारलं की तुमचे लोक हे मानतात का. होकार प्रचंड बहुमताने आला. व्याख्येत शब्दही जपून वापरलेत: ‘ऐहिक जीवनक्रम पूर्ण झाल्यावर’. ती मेली की नाही, हे मुद्दाम उघडं सोडलंय. तुमचे सासरे म्हणतील, निष्कर्ष म्हणजे साक्ष नव्हे. बरोबर आहे. मी हे मानतो ते ख्रिस्तसभा शास्त्र वाचताना आत्म्याच्या मार्गदर्शनाखाली असते यावर माझा विश्वास आहे म्हणून. आपलं आणि त्यांचं खरं अंतर तिथे आहे. ते मरियेमुळे पडलेलं नाही, ख्रिस्तसभेविषयीच्या समजुतीमुळे पडलंय. हे एकदा ओळखलंत की चर्चेतला निम्मा कडवटपणा जाईल.

ख्रिस्तसभा स्वतःला लगामही घालते, हेही सांगा. मरियेवर स्वतंत्र दस्तऐवज काढायचा की ख्रिस्तसभेवरच्या दस्तऐवजातच तिला स्थान द्यायचं, यावर २९ ऑक्टोबर १९६३ रोजी महासभेत मतदान झालं. १,११४ विरुद्ध १,०७४. केवळ ४० मतांनी ठरलं की ती विश्वासणाऱ्यांच्या मेळ्यात, त्यांच्यातलीच एक म्हणून दाखवायची. त्याच दस्तऐवजात अतिशयोक्ती आणि कोतेपणा दोन्ही टाळायला सांगितलंय. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केलं की मरियेला ‘सह-तारणकर्ती’ हे बिरुद लावणं योग्य नाही, कारण त्याने ख्रिस्ताचं एकमेव तारणकार्य झाकोळतं.

मराठीची एक अडचण मात्र आपणच दूर करायला हवी. आपण ‘मरियेची भक्ती’ म्हणतो आणि ‘देवाची भक्ती’ही म्हणतो. लॅटिनमध्ये देवाच्या आराधनेला एक शब्द आहे, संतांच्या वंदनाला दुसरा आणि मरियेच्या विशेष वंदनाला तिसरा. आपल्या ‘भक्ती’त तिन्ही मिसळतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं आपण तिला देवाच्या जागी बसवलं. घरी बोलताना आराधना फक्त देवाची म्हणा, आणि मरियेला ‘विनंती’. आपली प्रार्थनाही तिच्याकडे तेवढंच मागते, आमच्यासाठी विनंती कर.

आता लग्नाच्या आदल्या संध्याकाळचं. रोझरी टाळू नका. रोझरीत ज्या वीस प्रसंगांवर मनन करतात, त्या ‘रहस्यां’पैकी अठरा सरळ शुभवर्तमानांतली आणि प्रेषितांच्या कृत्यांतली आहेत; गौरवाची शेवटची दोनच, स्वर्गोन्नयन आणि राज्याभिषेक, शास्त्राबाहेरची. त्या दिवशी आनंदाची रहस्ये घ्या. प्रत्येक रहस्याआधी लूकमधला तो उतारा सासऱ्यांना त्यांच्या बायबलमधून वाचायला सांगा. ‘नमो मरिये’चा पूर्वार्ध देवदूताचे आणि एलिझाबेथचे शब्द आहेत, तो त्यांना म्हणता येईल. ‘पवित्र मरिये’पासूनचा उत्तरार्ध नंतर जोडला गेला आणि १५६८ च्या प्रार्थनाग्रंथात आजच्या रूपात पक्का झाला, तो तुमच्या माहेरच्यांनी म्हणावा, ते तेवढा वेळ शांत उभे राहतील. आमच्याकडच्या दोन घरांत असं केलं होतं. एका घरी तिसऱ्या रहस्याला मुलाच्या आईने स्वतःहून विचारलं, “पुढचा उतारा मी वाचू का?”